उंचीची मोजणी

कौस्तुभ एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा, त्यामुळे आपल्या हातून चूक होत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. नववीतल्या लेकीचा, जुईलीचा प्रकल्प त्याने याच भरवशावर ताब्यात घेतला. मॉडेल रॉकेट उडवायचं, लांबून कोन मोजायचा आणि गणिताने उंची काढायची. सरांनी निम्मे मार्क उंचीला ठेवले होते आणि निम्मे मोजमापातल्या चुका शोधून लिहायला. सोमवारी वही द्यायची होती.

बावधनच्या त्यांच्या सोसायटीत मुळशीचे बहिरू तांदूळ पोचवायचे. भात काढून झालेलं त्यांचं खाचर मोकळंच होतं. रविवारी सकाळी बापलेक तिथे पोचले. जुईली कोनमापक घेऊन विहिरीच्या कठड्याशी बसणार होती. कौस्तुभने कठड्यापासून टेप सोडला, पन्नास मीटरवर तो बांधाशी पोचला आणि तिथे त्याने रॉकेटसाठी खुंटी ठोकली.

मुळशीत शहरी माणूस गाडीतून उतरून शेतात टेप धरतो, याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. पाच मिनिटांत बहिरूंचे चुलतभाऊ भिकू बांधावर हजर झाले. मोजणी कुणाला विचारून चालली आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. कौस्तुभने रॉकेट दाखवलं.

"उंची मोजायची तर टेप वर धरा की," भिकू म्हणाले. "जमिनीला कशापायी लावलाय?"

कौस्तुभने काटकोन त्रिकोण समजावला. सगळे असंच सांगतात, असं म्हणून भिकू खुंटीवर पाय देऊन उभे राहिले.

बहिरू धावत आले आणि अकरा वर्षांचं भांडण बाहेर पडलं. बहिरूंच्या विहिरीपासून दोघांच्या हद्दीचा बांध पन्नास मीटर, हे कागदावर दोघांनाही मान्य होतं. पण पन्नास मीटर कुठे संपतात, यावर एकमत नव्हतं. एकाने आणलेला मोजणीवाला दुसऱ्याला फितूर वाटायचा. ऊन चढत होतं आणि जुईलीचं रॉकेट भिकूंच्या पायाखाली अडकलं होतं. ती रडकुंडीला आली.

शेवटी बहिरूंच्या बायकोने, रंभाबाईंनी तोंड उघडलं.

"ह्या साहेबांना जमीन नकोच हाय. त्यांना वरचं मोजायचंय. त्यांचा टेप खोटं कशाला बोलंल?"

दोघांनाही ते पटलं. बहिरूंनी टेपची कडी कठड्याला लावली, भिकूंनी दुसरं टोक ताणलं. खुंटी पन्नासवर बरोबर बसली. मग रॉकेट तीनदा उडालं. सरासरी कोन पन्नास अंश आला, म्हणजे उंची जवळपास साठ मीटर. दोघा भावांनी तिकडे बघितलंच नाही. ते खुंटीशेजारी हद्दीचा दगड पुरत होते.

चहाला भिकू अकरा वर्षांनी बहिरूंच्या ओट्यावर बसले. टेप गुंडाळता गुंडाळता जुईली थांबली.

"बाबा, तुटलेली कडी तू बसवलीस ना? ती वीस सेंटिमीटरच्या खुणेवर बसवलीस. सुरुवातीचा तुकडा नाहीच आहे."

कौस्तुभने चहाचा कप खाली ठेवला. "उंचीत कितीसा फरक पडतो?"

"चोवीस सेंटिमीटर."

"मग नको लिहू."

"सापडलेली चूक लपवली तर मार्क जातात," जुईली म्हणाली. ती ऐकणार नव्हती, हे त्याला दिसत होतं.

आयुष्यभर चुका कळवून पगार घेतलेल्या माणसाला ही एक कळवताना घाम फुटला. त्याने बहिरूंना गोठ्यामागे नेलं आणि सगळं सांगून टाकलं. दगड वीतभर अलीकडे पुरला गेला होता आणि तेवढी जमीन गेली होती ती त्यांचीच. बहिरूंनी ओट्याकडे पाहिलं. भिकू रंभाबाईंकडे आणखी चहा मागत होते.

"तुमच्या रॉकेटाला ती वीतभर लागतीया का?"

"नाही."

"मग मलाबी न्हाई लागत," बहिरू म्हणाले. "पोरीला लिहू द्या. फकस्त इंग्रजीत लिही म्हणावं."