डोक्यावर पाटी, छातीएवढं पाणी

आमच्या गडब गावच्या तळ्यात सकाळी एखादी रिकामी पाटी चालताना दिसली तर घाबरू नका. पाटीखाली हिराबाय असते. लुगड्याचा काष्टा घट्ट मारायचा, मिठागरातली जुनी पाटी डोक्यावर घ्यायची, ती दोन्ही हातांनी धरायची आणि छातीएवढ्या पाण्यातून या काठावरून त्या काठाला जायचं. कंपनीच्या शिफ्टची बस जाताना पोरं खिडकीतून मोबाईल काढतात. हिराबाय पाण्यातूनच त्यांचा उद्धार करते. तिचे शब्द मी इथे लिहीत नाही, शेवटी मी शाळेतली बाई होते.

माझं घर तळ्याला लागून, त्यामुळे हा तमाशा रोज माझ्याच ओट्यासमोर. एकदा न राहवून विचारलं, "अगं, पाटी कशाला?"

"पाटीबिगर चालाचं कसं? हात नुसते लोंबत ऱ्हातात गो!"

जन्मभर मीठ वाहिलेलं डोकं ते, त्याला ओझं नसलं की चुकल्यासारखं होत असणार.

"पेनच्या डॉक्टरनं सांगितलं हाय," ती ऐटीत म्हणायची. "म्हातारीच्या हार्टला पान्यातलं चालनं लय चांगलं. गुडघ्यावर भार नाय, आन् हार्ट मजबूत!" हे मात्र खरं. मलाही माझ्या डॉक्टरांनी तेच सांगितलंय. मी पायरीवर बसून घोटे भिजवते आणि त्यालाच व्यायाम म्हणते.

हिचं हार्ट कमजोर, म्हणून मी तिच्या जेवणाच्या मागे लागले. ताटात बघावं तर भाजलेले सुके बोंबील आणि वर खारातली मिरची. "मीठ कमी कर, बये, मरशील एखाद दिवशी!" तर ही पदर तोंडाला लावून हसायची. "मना काय झालाय? मी घोड्यासारखी हाय." असल्या पेशंटपुढे डॉक्टरांनी कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय!

आणखी एक खोड. चालताना पुढ्यात कुणी आलेलं तिला खपत नसे. शेजारची सून कपडे धुता धुता एकदा आडवी आली, तर हिराबाय कडाडली, "बाजूला हो गो! पुढं थोरली हाय!"

थोरली म्हणजे हिची मोठी जाऊ. मिठागराच्या बांधावर थोरली पुढे आणि ही मागे, असा दोघींचा जन्म गेला. थोरली आता घराबाहेर पडत नाही, एवढं मला ठाऊक होतं. हिला भास व्हायला लागले, असं मी मनाशी म्हटलं.

माघात मी बीपी दाखवायला पेणला गेले. दवाखान्याच्या बाकावर हिराबाय, आणि तिच्या खांद्यावर मान टाकून थोरली. पाय सुजलेले, दोन शब्दांमागे एक धाप. डॉक्टर हिराबायला सांगत होते, "पाण्यात चालायला सांगितलं तेव्हा यांची तब्येत बरी होती. आता नको. आता यांना खाटेवरून फार उठवूसुद्धा नका."

बाहेर आल्यावर मी हिराबायला बाजूला घेतलं. "म्हणजे हार्टचा त्रास हिला?"

"मग कोनाला? पहिल्याच दिशी पायरीवर धापली ती. पानी बघून घाबरली. मी बोलले, तू बस घरी, तुझ्या नावानं मी चालते."

"अगं, व्यायाम असा दुसऱ्याच्या नावानं होत नाही!"

"का नाय? तिचं पहिलं बालंतपन अडलं, तवा तिचे सोमवार मी धरले. देवानं चालवून घेतलं. डॉक्टर काय देवापरीस कडक हाय?"

मी तिला रक्ताभिसरण समजावलं, अगदी सातवीच्या वर्गाला समजवावं तसं. तिने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पाटी सकाळी तर दिसायचीच, संध्याकाळीही दिसायला लागली. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. काठावरून ओरडून सांगणार तरी काय होते मी?

होळीच्या आधी थोरली गेली.

तेरावं झाल्यावर हिराबाय तळ्यावर आली. पाटी नव्हती. माझ्याशेजारी पायरीवर टेकली.

"बाई, तू शिकलेली हाईस. खरं सांग. भाचीच्या हळदीला मी एक दिस खाडा केलता. त्यानंच गेली का गो ती?"

"नाही गं, हिराबाय. त्यानं नाही."

"मग कशानं? मी तर चालत होते."

ती उठली आणि पाण्यात उतरली. छातीएवढ्या पाण्यात जाऊन थांबली. हात नुसते लोंबत होते. मला ते बघवेना. मी साडी खोचली आणि आयुष्यात पहिल्यांदा घोट्याच्या वर पाण्यात गेले. पाणी गार होतं, भीतीही वाटत होती, पण मी जाऊन तिच्या पुढ्यात उभी राहिले.

"पुढं नको गो, बाई," ती हळूच म्हणाली. "मागं ऱ्हा. थोरली चालली की आपन चालू."

मी तिच्या मागे गेले. मग आम्ही दोघी थोरलीचं पाऊल पडायची वाट बघत उभ्या राहिलो.