काका, कपाट आणि मुस्कान

आमच्या गल्लीत कुणी गेलं, की बाबूराव काका सांत्वनाला दुसरीतल्या मुस्कानला घेऊन जातात. रडायला नाही हो, वाचायला! परवा कोपऱ्यावरच्या आजोबांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. बायका रडतायत, आणि हे म्हणतात, "वाच गं!" मुस्काननं आजोबांच्या नावापासून खालच्या शोकाकुल मित्रमंडळापर्यंत सगळं धडाधडा वाचलं. काका आजोबांच्या पोरालाच म्हणाले, "बघा, एकबी शब्द आडला न्हाय!" त्या बिचाऱ्यानं डोळे पुसत मान हलवली. दुसरं काय करणार!

काका म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. काकू गेल्या, पोरगा पुण्याला. मुस्कान त्यांची कुणीच नाही, भाडेकरूची पोरगी. अब्बू ट्रकवर, अम्मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात. त्यामुळं शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत पोरगी काकांच्या ताब्यात. औषधाचं खोकं म्हणू नका, शेंगाचटणीची पुडी म्हणू नका, दिसेल ते वाचायला लावतात. पाहुण्याला पाणी मिळो न मिळो, वाचन ऐकावंच लागतं. कुणी शंका घेतली की ठरलेलं वाक्य, "टेस्ट घ्या की!" मी तर त्यांच्या दारावरून जाताना मोबाइल उगाचच कानाला लावते.

आता शाळेचं ऐका, ती काकांच्याही वर. तिथं सगळ्या वर्गानं ओळीखाली बोट ठेवून एका सुरात वाचायचं. मुस्कान बोट ठेवत नाही, आणि वर्ग पहिल्या ओळीवर असताना ही पान उलटते. बाईंनी लगेच निदान केलं, पोरीनं पाठ केलंय! दुसरीला फक्त चित्रांची पुस्तकं. मोठी पुस्तकं मोठ्या बाईंच्या खोलीत, कपाटात, कुलपात. का, तर पोरं फाडतात! मुस्काननं त्यातलं एक मागितलं, तर दिवसभर वर्गाबाहेर उभी केली. घरी येऊन म्हणाली, "मी आता वाचणारच नाही."

झालं! अम्मीला सुट्टी मिळेना. "काका, तुमीच जाके बोलो." काका काय, तयारच! बाई डबा उघडतात न उघडतात तोच हे दारात. "पुढं जागा हाय, पोरीला पुढं सरकवा!" काकांचा आवाज ऐकला की बाई म्हणे डबा घेऊन पोषण आहाराच्या खोलीत लपायच्या.

शेवटी काकांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "पाठांतर आहे हो सगळं."

"टेस्ट घ्या की!" काकांनी भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं दाखवलं. त्यावर मराठीत माहिती चिकटवलेली. "हे कोण पाठ करतंय व्हय?"

मुस्काननं वाचलं, शेवटपर्यंत. मग थांबली. "बाई, ह्याची तारीख तर संपली की. आग लागली तर?"

हसू दाबता दाबता मला ठसका लागला. शिपाईमामा तर बाहेरच पळाले. मोठ्या बाई लालबुंद! कपाटाची किल्ली टेबलावर आपटून म्हणाल्या, "देते पुस्तकं. रोज मधल्या सुट्टीत पाहिजे ते वाचू दे हिला. पण तुम्ही परत शाळेत पाऊल टाकायचं नाही. दिसलात, की कपाट बंद!"

मला वाटलं, आता काका टेबलच उलटं करणार. आयुष्यभर गर्दीवर ओरडलेला माणूस! पण ते किल्लीकडं बघत होते.

"व्हय," म्हणाले. एवढंच.

गेल्या आठवड्यात मी शाळेवरून चालले होते. समोरच्या पंक्चरच्या दुकानात काका बसलेले.

"काका, हितं काय करताय?"

"हवा भरायला आलोय."

"गाडी कुटंय?"

काकांची नजर समोर. रस्त्यापलीकडं शाळेच्या व्हरांड्यात मुस्कान खांबाला टेकून वाचत बसली होती. तिनं मान वर केली तसे काका पटकन टायरांच्या ढिगामागं सरकले.

"जाड हाय गं पुस्तक," म्हणाले, हळूच.