तळ्याची भरती

"हळू बोल रे, पाणी ऐकतंय!" सातव्या वर्षी मामाने त्याला तळ्याकाठी दटावलं होतं. मासेमारीतलं तेवढं एकच वाक्य त्याच्या पदरी होतं, आणि त्या भांडवलावर तो अकरा वर्षं साप्ताहिकात 'या आठवड्याचं पाणी' हे सदर चालवत होता. आमिषाच्या दुकानदाराला फोन करायचा, तो सांगेल त्यावर दोन ओळी धुकं शिंपडायचं, की झालं सदर.

त्याचे सगळ्यात निष्ठावंत वाचक म्हणजे त्याचे सासरे, भूगोलाचे निवृत्त मास्तर. दर रविवारी ते कात्रण खिशात घालून निघत आणि दुपारी पिशवीभर मासे घेऊन लेकीकडे येत. "जावईबापू, तुमच्या सदराची कृपा!" एवढ्यावर जावयाची मान आठवडाभर ताठ राही.

सरत्या थंडीतल्या त्या रविवारी मात्र ते सकाळीच गळाच्या दोन काठ्या घेऊन दारात उभे. "चला, आज जोडीनं जाऊ."

"जा की," बायको म्हणाली. "नुसतं लिहिता. एकदा गारठून तरी या."

तळ्याकाठी बसल्यावर सासऱ्यांनी चष्मा चढवून कात्रण वाचलं. "तळं. थंडीने मासे सुस्त आहेत. भरती सुरू झाल्यावर तासाभराने गळ टाकावा."

जावयाने मान लांबवून कात्रणात पाहिलं. सदरातल्या 'तळं' आणि 'खाडी' या शीर्षकांची अदलाबदल झाली होती. छपाईत नव्हे, त्यानेच केली होती, जांभई देता देता.

"मग भरती कितीला म्हणायची?"

चुकलं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "साडेदहा."

तेवढ्यात शिंपी आला, मागोमाग टपालवाला. दोघांच्याही हातात कात्रण. "साहेब स्वतः आलेत! म्हणजे येणारच भरती."

साडेदहा वाजून गेले. तळं आपलं परातीतल्या पाण्यासारखं निवांत.

"थंडीत भरतीही जरा आळसावते," तो म्हणाला. टपालवाल्याने ते कात्रणाच्या पाठीवर टिपून घेतलं.

शिंप्याने काठीला मापाची फीत बांधून ती पाण्यात रोवली. थोड्या वेळाने ओरडला, "साहेब, काहीच हलेना!"

"आधी ओहोटी संपू दे ना!" आपल्याच तोंडून हे ऐकून त्याला स्वतःचीच कीव आली.

साडेअकराला पाय बधिर झाले, नाक लाल झालं, आणि अकरा वर्षांची अब्रू त्या फितीला लटकलेली दिसू लागली. तो सासऱ्यांच्या कानाशी वाकला. "बाबा, तळ्याला भरती येत नाही हो."

"माहीत आहे," पाण्यावरची नजर न हलवता सासरे म्हणाले. "छत्तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होतो."

एवढं निघालंच होतं, तर उरलेलंही निघालं. "आणि बाबा... मी जन्मात एक मासा धरलेला नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मीही नाही."

"काय! अहो, मग दर रविवारची ती पिशवी?"

"बाजारातली. पहिल्याच रविवारी रिकामा आलो असतो तर लेकीसमोर तुमचा चेहरा उतरला असता. मग सवयच लागली." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "आता हळू बोला. शिंपी ऐकतोय."