कोंबड्याची नेमणूक

परसातल्या सात कोंबड्यांची भांडणं विकोपाला गेली होती. सगळ्यांत थोरली, जिला घरात ‘मामी’ म्हणत, ती लहानग्या तांबडीला दाण्यांजवळ फिरकू देत नव्हती. टोचून टोचून तांबडीच्या पाठीवरची पिसं गेली होती.

“एखादा धड कोंबडा आणा,” बायको साहेबांना म्हणाली. “कोंबडा असला की धाक राहतो. नाही जमलं तर महिनाअखेर सगळ्या देऊन टाकते. मला बघवत नाही.”

साहेब आस्थापना विभागातून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी चारशे माणसं नेमली होती; कोंबड्याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही. कोंबडीवाल्याने दोन पिंजरे पुढे केले. एकातला कोंबडा जाळीतून साहेबांच्या बुटाला चोच मारत होता. दुसरा मान खाली घालून उभा होता.

“हा नम्र दिसतो.”

“साहेब, तीन घरांतून परत आलाय तो.”

“म्हणजे अनुभव आहे.”

घरी बायकोने बजावलं, “आठ दिवस खुराड्यातच, पण मधे जाळी लावून ठेवायचा. एकमेकांना बघून सवय होऊ दे. आणि एकदा का रक्त दिसलं, की सगळ्या मिळून जीव जाईपर्यंत टोचतात. ध्यानात ठेवा.”

तिसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. कोंबडा शांत होता, कोंबड्याही शांत होत्या. परिविक्षाकाल समाधानकारकरीत्या पूर्ण झाला, असं ठरवून साहेबांनी बाहेरूनच मधली जाळी वर ओढली.

मामी सावकाश आली. तिने कोंबड्याला तुऱ्यापासून नखांपर्यंत न्याहाळलं. त्याने मान खाली घातली. मामीने त्याचा तुरा धरला आणि हिसडला. रक्ताचा एक थेंब मातीवर पडला. बाकीच्यांच्या माना एकदम वळल्या.

साहेब दार उघडून त्या माणसाएवढ्या उंच खुराड्यात धावले. मागे दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली. त्यांनी कोंबडा काखेत मारला, तसं त्याने साहेबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. कोंबड्यांचं कडं आवळत चाललं होतं.

“मामी, मागे व्हा,” साहेब कार्यालयीन आवाजात म्हणाले.

मामीने त्यांचा गुडघा फोडला.

भिंतीला टेकून खाली बसत साहेबांनी कोपऱ्यातल्या डब्यातले दाणे मूठभर उधळले. कोंबड्या दाण्यांवर तुटून पडल्या आणि मामी तांबडीवर. साहेबांनी मामीला पायाने बाजूला सारलं. ती पुन्हा आली. त्यांनी पुन्हा सारलं. असं बारा वेळा झालं. तेराव्या वेळी मामी निम्म्या वाटेत थांबली.

तासाभराने बायको पिशव्या घेऊन परसात आली.

“अहो, हे काय?”

“सांगतो. आधी कडी काढ.”

तिचा हात कडीवरच राहिला. साहेबांच्या पायाशी तांबडी निवांत दाणे टिपत होती. मामी दोन हात लांब, मान तिरकी करून, आपली पाळी येण्याची वाट बघत होती.

बायको आत आली. साहेब उठू लागले, तशी मामीने मान वर केली.

“तुम्ही बसा,” बायको घाईने म्हणाली. तिने त्यांच्या काखेतून कोंबडा अलगद काढून घेतला. “याच्या तुऱ्याला औषध लावते.”

“आणि मी?”

बायकोने बाहेरून कडी घातली, हलवून पाहिली.

“चहा इथंच आणते. अंधार पडला की झोपतात त्या.”