शहादे मुक्कामी खाऱ्या टाकीतील शेवाळाचा मोड झाला, त्याची हकीकत

श्री तापीमाई समर्थ. शहादे कसब्यात गिरधरराव पाटील यांचे दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीवर शेवाळाने चाल केली, त्याचा मोड कैसा झाला, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे.

घरच्या सूनबाई, वज्रचुडेमंडित रुपाबाई, रसायनविद्येत पारंगत. त्यांणी सुरतेवर स्वारी करून जोकर माशांची जोडी आणि केशरी प्रवाळ हस्तगत केले, आणि थर्माकोलच्या पेटीतून सुखरूप आणून टाकीत ठाणे बसविले. काही मास सुखात गेले. मग शेवाळाचा गनीम खडकांवर उतरला, आणि केसांसारख्या झिपऱ्या सोडून प्रवाळास वेढा घालून बसला, आणि प्रवाळाने तोंडे मिटली. त्यात सासरे गिरधरराव यांचे फर्मान सुटले की, दिवाळीपावेतो काच निर्मळ न दिसल्यास टाकी रिती करून तीत हरभऱ्याचे बियाणे भरावे. 

मग बाईंनी दिव्यांची मुदत छाटली, आणि दातांच्या ब्रशाने गनिमाच्या शेंड्या उपटल्या, आणि गोगलगाईंची फौज उतरविली, आणि गाळीव पाण्यात मीठ कालवून निम्मे पाणी पालटले. परीक्षानळीत शेवाळाचे खाद्य जे फॉस्फेट, ते उतरलेले दिसे. दोन रोज जाताच पुन्हा चढे. बाईंनी तर्क केला की, पाणी शुद्ध, दाणा आपल्या हातचा, चिमूटभर. तर गनिमास रसद किल्ल्याच्या आतूनच पोचते. खडक उचलून पाहिला, तो खाली कणकेच्या गोळ्या कुजत पडलेल्या.

मग पाळत ठेविली. सासूबाई निर्मलाबाई पोळ्यांची कणीक मळून आल्या, आणि प्रकाशा क्षेत्री तापीच्या माशांस घालाव्या तैशा हात जोडून गोळ्या सोडू लागल्या. सुनेने अर्ज केला की, आई, हे पुण्य शेवाळाच्या पोटी जाते. जबाब आला, "काय वं पोरी, दोन दाणासवर कोन जगस? प्रकाशाना मासा कणीक खाईसन मातेल शेत, तुन्हाच कसा मरतस?" पती चंदनराव यांस मध्यस्थीस बोलाविले, ते मोबाइलात तोंड घालून तटस्थ राहिले.

सासूस हुकूम करणे हा दौलतीचा रिवाज नव्हे. सबब बाईंनी तह मांडला: दाण्याची डबी आणि दाणेदारीचा मान सासूबाईंकडे, रोज एकच चिमूट, ती त्यांच्याच हातची, कणीक तापीच्या माशांस, त्याकरिता दर अमावास्येस सुनेने स्कूटीवर बसवून प्रकाशास न्यावे, आणि परतायची घाई करू नये. शेवटले कलम सासूबाईंनी स्वतः घातले.

मग रसद तुटली, आणि फॉस्फेट उतरले ते उतरलेच, आणि शेवाळ पिवळे पडून झडले, आणि उरले ते गोगलगाईंनी फस्त केले. एके सकाळी प्रवाळाने एकेक तोंड उघडले. रुपाबाई टाकीपुढे मांडी घालून बसल्या, त्या चहा निवला तरी उठल्या नाहीत.

दिवाळीस गिरधरराव काच तपासावयास आले, आणि खूश होऊन फराळातला शंकरपाळा माशांस देऊ लागले. तोच निर्मलाबाई स्वयंपाकघरातून गरजल्या, "अहो, हात मांगे ल्या! फॉस्फेट वाढस!" रावांनी शंकरपाळा स्वतःच खाल्ला.

येणेप्रमाणे टाकी कायम झाली, बियाणे कोठीतच राहिले. फत्ते रुपाबाईंचे नावे लिहिली. सासूबाईंची त्यास हरकत आहे. तीही दाखल केली असे.