दोन हद्दींमधली वरात

"माझ्या मुलीच्या लग्नात मायदरिंग होणार नाही!" अशी घोषणा क्लिफर्ड एंटविसल यांनी न्याहारीच्या टेबलावर केली आणि हातातला चमचा बशीवर असा ठेवला, की जणू ठराव एकमताने मंजूर झाला.

मायदरिंग म्हणजे मोहरीएवढ्या गोष्टीवरून आपल्या, आणि विशेषेकरून दुसऱ्याच्या, डोक्याचा भुगा करणे. लँकेशायर परगण्यात हा शब्द आया लेकरांना ऐकवतात, बायका नवऱ्यांना ऐकवतात आणि नवरे कुत्र्याला. एंटविसलांच्या घरात कुत्रा नसल्यामुळे तो शब्द क्लिफर्ड यांच्यापाशी येऊन थांबत असे.

"तू एकटा गप्प बसलास तर कशाला होतंय!" त्यांच्या पत्नी एल्सीबाई टोस्टला लोणी लावत म्हणाल्या.

यात क्लिफर्ड यांचा दोष म्हणावा, तर तो त्यांच्या पोटापाण्याचा होता. गिरणीत विणून आलेल्या कापडातल्या चुका हुडकण्याचे काम त्यांनी उभी हयात केले होते. निर्दोष कापड त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तर त्यांना त्याचाच संशय आला असता.

या लग्नात त्यांच्याकडे एकच काम होते. बेरिलला, आपल्या एकुलत्या एक मुलीला, हात देऊन चर्चच्या मधल्या वाटेने चालत न्यायचे आणि पाद्रीबुवांनी "ही कन्या कोण देतो?" असे विचारले, की "मी" म्हणायचे. वास्तविक प्रार्थनापुस्तकात या प्रश्नाला उत्तर छापलेलेच नाही. बापाने मुकाट्याने हात पुढे करावा, एवढीच अपेक्षा. परंतु प्रश्न छापून उत्तर न छापणे ही छापखान्याची ढिलाई आहे, असा वाद घालघालून क्लिफर्ड यांनी आपला 'मी' पाद्रीबुवांकडून मान्य करून घेतला होता. परसातल्या कबुतरांसमोर ते त्याचा रोज सराव करीत. खालच्या पट्टीत म्हटला की तो कबुलीजबाबासारखा वाटे, वरच्या पट्टीत म्हटला की हजेरी दिल्यासारखा. बेरिलशी मायेचे चार शब्द बोलणे त्यांना आजवर साधले नव्हते. ते सगळे आता या एका अक्षरात बसवायचे होते, आणि अक्षर लहान होते.

नवरीची गाडी आणण्याचे काम नवऱ्या मुलाच्या काकांकडे, विल्फ सग्डन यांच्याकडे होते. सग्डन शेजारच्या, पिढीजात वैराच्या यॉर्कशायर परगण्याचे, आणि त्यांचा धंदा अंत्यविधीचा. त्यांच्या लांब काळ्या गाडीला पांढऱ्या रिबिनी बांधल्या होत्या, तरी तिची चाल धंद्याचीच राहिली होती. सग्डनांच्या कोटाला यॉर्कशायरचा पांढरा गुलाब, क्लिफर्ड यांच्या कोटाला लँकेशायरचा लाल. दोघांनी एकमेकांची फुले पाहिली आणि हवेविषयी बोलणे काढले.

गाडी निघाली. क्लिफर्ड यांनी खिडकीची काच वर केली, मग खाली केली, मग अर्धी ठेवली.

"झग्याचा घोळ दारात तर नाही ना अडकला?"

"नाही, डॅड."

"बघून सांग."

"मघाशीच बघितलं ना, डॅड!"

"अहो एंटविसल," सग्डन आरशातून म्हणाले, "किती ते फॅफिंग!"

गाडीत शांतता पसरली. सग्डनांच्या गाडीला ती सवयीची होती.

"क्षमा करा," क्लिफर्ड म्हणाले, "पण त्याला मायदरिंग म्हणतात."

"तुमच्याकडे म्हणत असतील."

"आपण आमच्याकडेच आहोत!"

दुर्दैवाने त्या रस्त्याला हे मान्य नव्हते. दोन परगण्यांची हद्द त्या खोऱ्यात अशी वेडीवाकडी गेली आहे, की एंटविसलांच्या घराकडून त्यांच्याच चर्चला जाताना रस्ता मध्येच यॉर्कशायरमध्ये शिरतो आणि थोड्या अंतराने शहाणा होऊन परत येतो. शिरतो तिथे एक दगड आहे, आणि परततो तिथे दुसरा. पहिला दगड मागे पडताच सग्डनांनी मान डोलावली.

"आलं यॉर्कशायर! आता दुसऱ्या दगडापर्यंत तुम्ही जे काही कराल ते फॅफिंग. कायद्यानं!"

"गाडी थांबवा!"

"डॅड, नको ना!"

"एक मिनिट, बेरिल. एकच."

क्लिफर्ड खाली उतरले ते थेट दगडाकडे गेले. रस्ता रुंद करताना कामगारांनी हा दगड सरकवला असून गाडी अद्याप लँकेशायरमध्येच उभी आहे, असे त्यांनी हातवारे करून सिद्ध केले. सग्डनही उतरले आणि त्यांनी दगडावरचे शेवाळ दाखवून तो आदिकालापासून तिथेच असल्याचे सिद्ध केले. मग मूळ मुद्दा निघाला.

"फॅफिंग माणूस एकटा करतो, सग्डन. आपली चाळवाचाळव करत बसतो. मायदरिंगला दुसरा माणूस लागतो, त्याचा जीव खावा लागतो. मघाशी मी तुम्हा दोघांचा जीव खात होतो. श्रेय द्यायचं तर नीट द्या!"

"उगाच फोड करू नका. पेटीत ठेवलेल्या माणसाचा टाय मी चारचारदा सरळ करतो. समोर दुसरा माणूस आहे की नाही? आणि आम्ही त्याला फॅफिंगच म्हणतो!"

"त्या दुसऱ्याला त्रास व्हायला हवा ना! तुमचं गिऱ्हाईक मेलेलं असतं!"

"डॅड!" गाडीतून हाक आली.

"आलोच!" असे म्हणून क्लिफर्ड जागचे हलले नाहीत, कारण तेवढ्यात पलीकडच्या शेताच्या फाटकापाशी एक म्हातारी बादली घेऊन उभी असलेली त्यांना दिसली होती. दोन्ही दगडांच्या मधोमध राहणारी! याहून निःपक्षपाती पंच कुठे मिळणार?

"आजी," क्लिफर्ड तिच्याकडे धावले, "क्षुल्लक गोष्टीवरून कुणी फार घोळ घालत बसलं, तर तुम्ही त्याला काय म्हणता?"

"मी?" म्हातारीने दोघांना आपादमस्तक न्याहाळले. "आम्ही क्विडलिंग म्हणतो. मी दूर दक्षिणेकडच्या सॉमरसेटची आहे. लग्न होऊन आले इकडं."

त्या दिवशी प्रथमच दोघांचे एकमत झाले.

"क्विडलिंग!" सग्डन म्हणाले. "हा काय शब्द आहे?"

"बदकाला गुदगुल्या केल्यासारखा वाटतो," क्लिफर्ड म्हणाले.

"वाटत असेल," म्हातारीने बादली खाली ठेवली. "पण मला एक सांगा. आत्ता बसमध्ये चढली ती पांढऱ्या झग्यातली पोर तुमच्यापैकी कुणाची?"

गाडीचे दार सताड उघडे होते. मागच्या आसनावर क्लिफर्ड यांचे हातमोजे तेवढे होते. दूर वळणावर लाल बस वळत होती आणि तिच्या मागच्या काचेत पांढरी जाळी भरून राहिली होती.

दोघे धावत गाडीत बसले आणि सग्डनांनी तिचा वेग वाढवला. आयुष्यात प्रथमच धावावे लागल्याने ती आजारी घोड्यासारखी खोकत निघाली. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, समोर बस. पुढे काढायला वाव नव्हता.

"हॉर्न वाजवा!"

"या गाडीला आहे कुठं हॉर्न! आमच्या गिऱ्हाइकांना घाई नसते."

बेरिल पाठमोरी बसली होती. तिचा फुलांचा गुच्छ शेजारच्या बाईने मांडीवरच्या कोबीसोबत सांभाळून धरला होता. त्या बाईने वळून क्लिफर्ड यांच्याकडे पाहिले. बेरिलने पाहिले नाही.

पुढच्या थांब्यावर बस थांबली. क्लिफर्ड यांनी गाडीतून उडी टाकली आणि ते धावले. धावता धावता त्यांच्या कानांनी टिपले, की गाडीचे दार नीट लागलेले नाही. ते परत फिरले, दार उघडले, पुन्हा लावले, दाबून पाहिले. बसची घंटा वाजली. बस निघून गेली.

चर्चच्या दाराशी ती बस रिकामी उभी होती, एकटा ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला होता. उतारू आत बाकांवर बसले होते, पिशव्या पायांशी ठेवून. आणि वेदीसमोर, क्लिफर्ड यांनी जिथे उभे राहायचे होते नेमके तिथे, टोपी काखेत आणि तिकिटांचे यंत्र छातीवर अशा थाटात बसचा कंडक्टर उभा होता. बेरिलचा हात त्याच्या हातात होता.

"ही कन्या कोण देतो?" पाद्रीबुवांनी विचारले, आणि ठरल्याप्रमाणे ते उत्तरासाठी थांबले.

कंडक्टरने इकडेतिकडे पाहिले. बिचाऱ्याला ही कल्पना कुणी दिली नव्हती. दारात क्लिफर्ड यांनी तोंड उघडले. पण फाटकापासून धावत आल्याने छातीत हवा उरली नव्हती, आणि तिच्यावाचून एवढेसे अक्षरही बाहेर पडेना.

पहिल्या रांगेत एल्सीबाई उठल्या.

"मी," त्या म्हणाल्या. चहा आणखी कोणाला हवा, असे विचारल्यावर म्हणावे तसे. परसात इतके दिवस क्लिफर्ड जो स्वर शोधत होते, तो नेमका हाच होता.

सोहळा आटोपल्यावर बाहेर छायाचित्रासाठी रांग लागली. क्लिफर्ड गडग्याशी उभे होते. बेरिल त्यांच्याकडे आली आणि तिने त्यांच्या कोटाचा लाल गुलाब सरळ केला.

"डॅड, मी किती हाका मारल्या तुला."

"मला वाटलं, एकच मिनिट..."

"माहितीये. पुरे आता तुझं फॅफिंग. चल, फोटोत उभा राहा."

फॅफिंग! लँकेशायरच्या मातीत वाढलेली मुलगी, आणि सग्डन होऊन अर्धा तास झाला नव्हता. क्लिफर्ड यांच्या जिभेवर उत्तर पोटकलमांसह तयार होते: दुसऱ्या माणसाला त्रास झाला असेल तर तो शब्द चालत नाही. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. रडून लाल झालेले डोळे तिने पावडर लावून झाकले होते, आणि दोष हुडकण्याची सवय असलेल्या नजरेला ते दिसले. ते उत्तर त्यांनी गिळले.

ते रांगेच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिले. छायाचित्रकाराने काळ्या कापडाखालून डोके बाहेर काढले आणि नवरीशेजारच्या कंडक्टरला विचारले, "नवरीचे वडील तुम्हीच ना?"

"मी!" टोकावरून क्लिफर्ड म्हणाले. खणखणीत, मायेने भरलेला, ना खालच्या पट्टीत ना वरच्या, एल्सीबाईंच्या तोडीचा.

नेमका त्याच क्षणी बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला.