टकल्या डोंगर डाव्या हाताला

पोझीच्या मटनचा कान शिवायला आजीने मटनला वर डोंगरातल्या केबिनवर नेलं, तिथून सगळं सुरू झालं.

मटन म्हणजे पोझीची कापडी मेंढी. नाव आजोबांनी ठेवलेलं. दीड वर्षाची पोझी झोपताना मटनचा कान चोखायची आणि दाढा येत असल्यामुळे तो कान तिने उपटूनच काढला होता. आजी, म्हणजे लारू, म्हणाली होती, "रात्री ती झोपली की नेते, सकाळी शिवून पाठवते." पण मटन हातातून जाताच पोझी जागी झाली आणि रात्रभर झोपलीच नाही. आदल्या रात्रीही झोपली नव्हती. त्यामुळे तिची आई केलीनही दोन रात्री जागीच होती. सकाळी तिने नाश्त्याच्या सिरीयलवर दुधाऐवजी संत्र्याचा रस ओतला आणि ते निमूटपणे खाल्लंही.

"आर्डन," ती नवऱ्याला म्हणाली, "मटन आण. आत्ता. नाहीतर मी या खुर्चीत बसल्या बसल्या मरेन."

"हा गेलो आणि हा आलो."

"आणि येताना त्या देखाव्याच्या रस्त्याने येऊ नकोस."

आर्डनने टोपी घातली आणि तो निघाला.

केबिन टकल्या डोंगराच्या कुशीत होती. हिवाळ्यात तिथे जायचं ते स्नोमोबाइलवरून, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवरून. पायथ्याला पिकअप लावायची, गाडी उतरवायची आणि उतारावरून आडवं जायचं. आडवं जाताना गाडी डोंगराच्या बाजूला कलती करावी लागते, दोन्ही पाय त्याच बाजूच्या पाय ठेवायच्या फळीवर रोवून, नाहीतर माणूस आणि गाडी दोघंही गडगडत दरीत. केबिनकडे जाताना डोंगर डावीकडे असायचा. आणि डावीकडे डोंगर असला की आर्डन लोण्यावरून सुरी फिरावी तसा जायचा.

उजवीकडे असला की मात्र सगळं बिघडायचं. पाय चुकायचे, गाडी सरळ व्हायची. रेसचा खटका उजव्या अंगठ्याशी असतो, हँडल वळवलं की तो हात लांब जातो आणि अंगठा पुरत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. दुसऱ्या कोणाला हे सांगायची सोय नव्हती, कारण सासरे व्हर्ल याच डोंगरात वाढलेले. म्हणून परतताना आर्डन सरळ रस्त्याने यायचाच नाही. टकल्याच्या मागून, डोंगर डावीकडेच ठेवून, अख्खा वळसा घालून यायचा. विचारलं तर म्हणायचा, "मागचा देखावा काय सुंदर आहे!"

आर्डन वर पोचला तेव्हा लारू दारात उभी होती.

"अरे, तू कशाला आलास? व्हर्ल आत्ताच गेले मटन घेऊन."

"मला नाही भेटले ते!"

"मागून गेले ना. देखावा बघत."

आर्डनने आल्या वाटेकडे पाहिलं. त्या वाटेने उतरला असता तर सासऱ्यांच्या आधी पायथ्याला पोचला असता. पण डोंगर उजवीकडे आला असता. "मग मीही मागूनच जातो," तो म्हणाला. "बाबांना गाठतो."

व्हर्ल पायथ्याला पोचले, तर जावयाची पिकअप उभी आणि जावई गायब. त्यांच्या स्वतःच्या ट्रकची किल्ली वर केबिनवर राहिली होती. त्यांनी विचार केला, हा गेलाय वर, येईल परत आणि जाईल घरी. मटनला पिकअपच्या मागच्या सीटवर, पोझीच्या खुर्चीत बसवलं, वर पट्टाही लावला आणि ते केबिनकडे निघाले. ओव्हनमध्ये चीज घातलेले बटाटे होते.

मग आर्डन आला. त्याने पाहिलं, सासऱ्यांचा ट्रक जागचा हललेला नाही आणि ताज्या बर्फात त्यांच्या गाडीचा माग वर गेलेला. "अरे देवा, मला शोधायला परत गेले वाटतं!" मागच्या सीटकडे बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो पुन्हा वर.

वर लारू व्हर्लना विचारत होती, "आर्डन भेटला?"

"कुठाय तो?"

"तुझ्या मागे गेलाय!"

"मग तो माझा माग बघून परत वर येणार," व्हर्लनी कपाळाला हात लावला. "मागच्या सीटवर काही ठेवलं तर आठवडाभर न बघणारा माणूस तो. थांब, जातो."

"बटाटे खाऊन जा. आणि इकडून समोरून जा की, वाटेतच भेटेल."

"नको, मागूनच बरं," व्हर्ल घाईने म्हणाले. "माझ्या गाडीचं इंजिन जरा एका अंगाला जड आहे."

ते दिसेनासे झाले आणि आर्डन उगवला.

"आई, बाबा कुठायत?"

"तुला शोधायला गेलेत! मटन तुझ्या पिकअपमध्ये आहे, पोझीच्या खुर्चीत. पळ!"

आर्डन पळाला. मागून.

इतक्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत फोन वाजला. केबिनमध्ये तेवढ्याच खिडकीत रेंज होती.

"आई, मटन निघालं का गं?" केलीनच्या आवाजामागे पोझीचा टाहो ऐकू येत होता.

"निघालं, पोचलं, तिथेच बसलंय."

"कुठे?"

"पिकअपमध्ये."

"आणि आर्डन?"

"डोंगरामागे."

"आणि बाबा?"

"तेही डोंगरामागे. त्याच्या पुढे. म्हणजे आता मागेही म्हणता येईल."

पलीकडे पोझीने आणखी वरचा सूर लावला. मग केलीन हुंदका देऊन म्हणाली, "आई, मला काही कळत नाहीये. मी झोपले नाही म्हणून कळत नाहीये, की तसंच आहे?"

"तसंच आहे गं बाळा," लारू म्हणाली. तिने ओव्हन बंद केला, जुनी गाडी बाहेर काढली आणि समोरच्या वाटेने, डोंगर उजवीकडे घेऊन, ती सुटली.

अर्ध्या उतारावर समोरून व्हर्ल आले. पायथ्याला पिकअपमध्ये मटन तसंच बसलेलं पाहून त्यांनी अनुमान काढलं होतं की आर्डन पुन्हा वर गेला, आता हे त्याच्या हातातच द्यावं. जाकिटाच्या चेनमधून मटनचं डोकं बाहेर आलेलं, नवा शिवलेला कान वाऱ्यावर फडफडत होता.

"लारू!" ते ओरडले. "अगं, डोंगर तुझ्या उजवीकडे आहे!"

"मग कुठे असणार? घरी जायचंय ना?" तिने हात पुढे केला. "मटन दे इकडे."

त्यांनी चेन उघडून दिलं. ती खाली गेली आणि किल्ली लावूनच ठेवलेली आर्डनची पिकअप घेऊन घरी निघाली. व्हर्लना तिच्या मागे वळता येईना, कारण वळलं की डोंगर उजवीकडे. ते वर गेले, किल्ली घेतली आणि मागून खाली आले. पायथ्याला जावई बर्फात बसला होता. मटन नाही, पिकअप नाही, माणूस नाही.

दोघं ट्रकमधून घरी पोचले तेव्हा पोझी मटनचा कान तोंडात धरून झोपली होती आणि तिच्या शेजारी केलीन, बूट न काढताच, घोरत होती.

"आई," आर्डन कुजबुजला, "तुम्हाला उजवीकडून जमतं?"

"तुम्हाला नाही जमत?" लारूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला देखावा आवडतो."

सासऱ्या-जावयाने आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांच्या डोळ्यांत खरं पाहिलं.

"अंगठा पुरत नाही," आर्डन म्हणाला.

"इंजिन जड," व्हर्ल म्हणाले.

"काहीतरीच," लारू म्हणाली. "तुम्ही पुरुष घोड्यावर वाढलात. घोड्यावर डावीकडून चढायचं, म्हणून गाडीवरही डावीकडेच पाय रोवतात तुमचे. मी गाईखाली वाढले. गाय उजवीकडे बसून पिळतात." ते खरं होतं की तिच्या मनाला आलं म्हणून बोलली, कोण जाणे. पण दोघांनीही ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे केलीन बादली घेऊन गोठ्यात गेली, तर पेनी गाईच्या उजव्या बाजूला स्टुलावर आर्डन बसलेला. लग्न झाल्यापासून त्याने गाईला हात लावला नव्हता. त्याच्या मागे व्हर्ल टोपी हातात घेऊन उभे.

"तू झोप जरा," आर्डन म्हणाला. "दूध मी काढतो."

"मग मी," व्हर्ल म्हणाले. "नंबर लावलाय."

केलीन दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. पेनीने मान वळवून आर्डनकडे पाहिलं. तिलाही काही समजत नव्हतं.

"केलीन," आर्डनने हळूच विचारलं, "हे अंगात मुरायला साधारण किती दिवस लागतात गं?"

एका सकाळीत येतं, असं केलीनच्या अगदी ओठांवर आलं होतं. आत पोझी झोपली होती. पलंग अजून ऊबदार होता.

"बर्फ वितळेपर्यंत तरी," ती म्हणाली. "रोज पहाटे. एकही दिवस चुकवायचा नाही."

आणि बादली त्यांच्यापाशी ठेवून ती झोपायला गेली.